पुण्याचे चार क्लब आणि वफादारीचा हिशेब

फुटबॉलचे स्टेडियम रिकामे दिसले की आपल्याकडे पहिला ठपका पब्लिकवर येतो. पब्लिकला वफादारी नाही, म्हणे. अंगात बार्सिलोनाची जर्सी, मोबाइलवर रात्री दीड वाजता रिअल माद्रिदची मॅच, आणि आपल्याच शहराचा क्लब खेळतो तेव्हा खुर्च्या मोकळ्या. मालक असे म्हणतात, संघटनेचे लोक म्हणतात, आता तर आपली शिकलेली पोरंसुद्धा म्हणू लागली आहेत. माझा याला साफ विरोध आहे. महाराष्ट्रातल्या फुटबॉलपुरते बोलायचे तर बेवफाई झालीच आहे, पण ती ज्यांनी केली त्यांची नावे कुणी घेत नाही.

आधी सगळ्यांना आठवणारा प्रसंग घेऊ. १ जून २०१८, अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरेना, भारत विरुद्ध चिनी तैपेई. भारत ५-० ने जिंकला, कर्णधार सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली आणि मैदानात प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकून विनवणी केली. आम्हाला नावे ठेवा, टीका करा, पण मैदानात या, असा त्याचा सूर होता. युरोपच्या क्लबांवर जीव टाकणाऱ्यांना त्याने खास उद्देशून सांगितले. ४ जूनला केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटे संपली. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता आणि लोक भर पावसात बसून राहिले.

याचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला: कर्णधाराने कान उपटले आणि पब्लिक शहाणी झाली. मला दुसरेच दिसते. तीन दिवसांत मुंबईची माणसे बदलली नव्हती. फुटबॉलचे प्रेम त्यांनी मधल्या वेळात बाजारातून विकत आणले नव्हते. फरक एवढाच पडला की मॅच आहे हे घराघरात कळले आणि कुणीतरी इज्जतीने बोलावले. हे काम कर्णधाराचे नव्हते. ते तिकिटे विकणाऱ्यांचे होते. आपल्या देशाच्या सर्वांत मोठ्या खेळाडूला हॅटट्रिकनंतर जाहिरातवाल्याचे काम करावे लागले, याची लाज कुणाला वाटायला हवी होती, आणि आपण ती कुणाला वाटायला लावली?

आणखी एक गोष्ट. त्या वेळी यावर कुणी बोलल्याचे मला आठवत नाही. १ जून २०१८ हा रमजानमधला जुमा होता आणि सामना रात्री आठचा. मुंबईत त्या दिवसांत इफ्तार सव्वासातच्या सुमाराला होतो, मग मगरिबची नमाज, मग थोडा दम घेतो न घेतो तोच इशा आणि तरावीह. स्टेडियमपासून जवळच जोगेश्वरीसारखी वस्ती आहे, जिथे पोरं गल्लीत चेंडू घेऊनच वाढतात. त्यांच्यातला रोजेदार पोरगा आठ वाजता खुर्चीत बसलेला कसा दिसणार? स्टेडियम केवळ यामुळे रिकामे राहिले असे मी म्हणत नाही. शहरात बाकीचीही माणसे आहेत. पण ज्याने वेळापत्रक आखले त्याच्या डोक्यात ही वस्ती आलीच नाही, एवढे नक्की. आणि ही काही फक्त आपली, मुसलमानांची, तक्रार नाही. १८ सप्टेंबर २०२३ ला मुंबई सिटीने आशियाई चॅम्पियन्स लीगचा घरचा सामना पुण्यात, बालेवाडीला खेळला. समोर इराणचा नस्साजी माझंदरान. आशियातली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा आपल्या दारात आली, आणि दिवस कोणता? सोमवार, गणेश चतुर्थीची पूर्वसंध्या. त्या संध्याकाळी पुण्यातला माणूस कुठे असतो हे पुण्यातले शेंबडे पोरही सांगेल. तारखा आशियाई संघटनेच्या असतात, हे मला माहीत आहे. पण मग रिकाम्या खुर्च्यांचा दोष पुणेकराच्या पदरात टाकू नका.

आता वफादारीकडे येतो, कारण हा शब्द सर्वांत जास्त वापरला जातो तो पुण्याबद्दल. पुणे क्रिकेटचे, पुणे कबड्डीचे, पुण्याला फुटबॉल पचत नाही, असे म्हणतात. चला, हिशेब मांडू.

पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, अशोक पिरामल समूहाचा. आय-लीगच्या पहिल्याच मोसमात, २००९-१० ला, तिसरा आला. २०१२-१३ ला दुसरा. म्हणजे देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये पुण्याचा संघ उपविजेता होता. किती पुणेकरांना हे आज माहीत आहे? २०१५ मध्ये मालकांनी क्लब गुंडाळला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच मोसम खेळला आणि त्याच वर्षी बंद झाला. एक मोसम! एवढ्या वेळात शेजाऱ्याचे नावही नीट पाठ होत नाही. मग डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये आला, दोन मोसम खेळला, २०१७ मध्ये बाहेर पडला. राहिला इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी. वाधवान समूहाची मालकी, सोबत हृतिक रोशन, सुरुवातीला इटलीच्या फिओरेन्टिनाशी भागीदारी. २०१७-१८ ला हा संघ उपांत्य फेरीत गेला. मार्सेलिन्हो आणि अल्फारो या जोडीचा खेळ ज्यांनी बालेवाडीला पाहिला ते आजही त्यावर तासभर बोलतील. ‘ऑरेंज आर्मी’ नावाची पोरांची फौज ढोल घेऊन उभी राहायची. ऑगस्ट २०१९ मध्ये पैशाच्या अडचणीपायी तोही गेला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली.

२०१५ ते २०१९. पाच वर्षांत एका शहराचे चार क्लब बंद. मुंबईत मुंबई एफसीचे २०१७ मध्ये तेच झाले. त्याआधी २०१० मध्ये महिंद्रा युनायटेडने, चारच वर्षांपूर्वी राष्ट्रीय लीग जिंकलेल्या संघाने, दुकान बंद केले होते.

आता सांगा, या चारांपैकी कोणता क्लब पब्लिकने सोडला? एक तरी? मालकाचा धंदा बसला, मालकाला लीगचा आराखडा पटला नाही, मालकाला कंटाळा आला, कारणे काहीही असोत. प्रत्येक वेळी पोरं स्टँडमध्ये उभी होती आणि मालक निघून गेला. ज्याने पाच वर्षांत चार वेळा झेंडा घडी करून कपाटात ठेवला, त्याला तुम्ही विचारता की पाचवा झेंडा का विकत घेत नाहीस? निकाह करून पुढच्या मोसमात पत्ता न सांगता निघून जाणाऱ्याने बायकोच्या वफादारीवर प्रवचन द्यावे, तसला हा प्रकार आहे.

लीग चालवणाऱ्यांचेही बघा. २०१५ मध्ये इंडियन सुपर लीगची सरासरी प्रेक्षकसंख्या पंचवीस हजारांच्या वर होती. २०१८-१९ पर्यंत ती जवळपास निम्म्यावर आली. मधल्या काळात काय झाले? तीन महिन्यांत संपणारी स्पर्धा पाच महिन्यांवर गेली, सामने वाढले, आठवड्याच्या मधल्या कामाच्या दिवशी येऊ लागले. सुरुवातीचा तमाशा ओसरला. देल पिएरो, अनेल्का ही नावे गेली. तमाशबीन तमाशा संपल्यावर घरी जातो, त्यात नवल नाही. प्रश्न असा की त्या चांगल्या दोन वर्षांत तमाशबीनाचा चाहता करण्यासाठी कुणी काय केले? खेळाडू कितीदा एखाद्या झेडपीच्या किंवा उर्दू शाळेत आले? सरकारने मात्र १५ सप्टेंबर २०१७ ला दहा लाख विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळण्याचा कार्यक्रम केला होता, शाळांना चेंडूही दिले होते. शिक्षक असल्यामुळे तो दिवस लक्षात आहे. मुलांना खरोखर मजा आली. सोळा तारखेचे नियोजन कुणाकडेच नव्हते.

तिकिटाच्या दरावर बोलताना लोक फक्त तिकिटावर छापलेली किंमत बघतात. ‘दोनशे रुपये जास्त आहेत का हो?’ पिझ्झा खाणाऱ्यासाठी नाहीत. मी कारेगावात राहतो. रांजणगाव एमआयडीसीच्या अंगणात. इथे मराठवाड्यातली पोरं आहेत, विदर्भातली आहेत, बिहार-यूपी-बंगालची आहेत, खोलीत चार-चार, पाच-पाच जण राहतात, बहुतेक कंत्राटी. रविवारी त्यांच्या अंगावरच्या जर्सी बघितल्या तर मेस्सी, रोनाल्डो, एम्बापे सगळे कारेगावच्या बाजारात भाजी घेताना भेटतात. यांच्यातले दोघे बालेवाडीला मॅच बघायला निघाले असे धरा. मोटारसायकलने जाऊन-येऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटर, अडीच-तीन लिटर पेट्रोल. वडापाव, पाणी, बाटली आत नेऊ देत नाहीत, म्हणून आतल्या भावाने पाणी. तिकीट दोनशे धरले तरी माणशी चारशेच्या वर खर्च गेला. सेकंड शिफ्ट असेल तर खाडा, म्हणजे दिवसाचा पगार गेला, आणि कंत्राटदाराची बोलणी वेगळी. गाडी नसेल तर रात्री साडेनऊ-दहाला मॅच संपल्यावर वाघोली, शिक्रापूर ओलांडून इकडे आणणारे वाहन शोधा. बहिणीला किंवा बायकोला सोबत आणायचे असेल तर बोलायलाच नको. त्या दोनशे रुपयांच्या तिकिटाची खरी किंमत या पोराला हजाराच्या घरात पडते. मोबाइलवर तीच मॅच डेटापॅकमध्ये दिसते. तो मोबाइल निवडतो म्हणून तो बेवफा?

स्वस्त तिकीट ठेवले की खेळाची किंमत राहत नाही, असाही एक शहाणपणा ऐकू येतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात सर्वांत स्वस्त तिकीट शंभर रुपयांच्या आत होते. भारतभर मिळून साडेतेरा लाखांच्या आसपास प्रेक्षक आले, त्या वयोगटाच्या विश्वचषकातला तो विक्रम. कुठल्या मुलाचे नाव लोकांना आधी ठाऊक होते? कुणाचेच नाही. तरीही आले. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरही आले.

याच्या उलट टोकाला मेस्सी. १४ डिसेंबर २०२५ ला तो वानखेडेवर आला. तिकिटे हजारोंच्या घरात. मॅच नाही, स्पर्धा नाही, दर्शन. आदल्या दिवशी कोलकात्यात याच दौऱ्यात काय झाले ते आपण पाहिले: पुढाऱ्यांच्या आणि सेल्फीवाल्यांच्या गराड्यात मेस्सी दिसलाच नाही म्हणून चिडलेल्या लोकांनी खुर्च्या आणि बाटल्या मैदानात फेकल्या. मोडतोडीचे मी समर्थन करत नाही. पण महिन्याचा पगार देऊन माणूस आला होता हेही विसरू नका. आणि त्याच डिसेंबरात भारतीय फुटबॉलची स्थिती काय होती? लीग चालवणाऱ्या कंपनीचा महासंघाशी असलेला पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबरला संपला होता, नवा झाला नव्हता, लीग सुरू झालेली नव्हती, खेळाडू घरी बसून होते. महिनाअखेरीस मुंबई सिटीतून सिटी फुटबॉल ग्रुपने अंग काढून घेतले. दोनदा लीगचा चषक जिंकलेल्या क्लबचे परदेशी मालक निघून गेले, आणि ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ची पोरं तिथेच राहिली. इथेही कोण गेले आणि कोण राहिले, बघा.

मग फुटबॉलला पब्लिक कुठे येते? कोल्हापूरला येते. ज्यांनी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम किंवा दिलबहार हा सामना पाहिला नसेल त्यांनी एकदा जाऊन यावे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, संध्यामठ, प्रॅक्टिस क्लब. ही पेठांची आणि तालमींची नावे आहेत, कंपन्यांची नाहीत. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन १९४० पासून आहे. तिकीट हमालापासून वकिलापर्यंत कुणालाही परवडेल असे. खेळणारा पोरगा गल्लीतला, त्याचा चुलता स्टँडमध्ये, त्याचा आजा त्याच संघाकडून खेळलेला. याच मातीतून अनिकेत जाधव २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळला. संघ हरला तर रडतात, पण तालीम बंद पडेल अशी भीती कुणाला वाटत नाही, कारण ती कुण्या शेठच्या ताळेबंदात नाही.

कोल्हापूरचे सगळेच गोड आहे असे नाही. समर्थकांच्या मारामाऱ्या होतात, दगड पडतात, पोलिसांना लाठी उगारावी लागते, पेठेचा अभिमान कधी कधी डोक्यात जातो. बाहेरून पैसे देऊन खेळाडू आणण्याची चढाओढ तिथेही शिरली आहे. तरी मला त्या स्टँडची किंमत मोठी वाटते, आणि ती एका खास कारणासाठी. कोल्हापुरात अशा तालमी आहेत जिथे गणपतीही बसतो आणि मोहरमला पंजेही बसतात. त्यांच्या संघामागे उभ्या असलेल्या गर्दीत मुल्ला, बागवान, पाटील, जाधव असे वेगळे काढता येत नाहीत. रंग एकच, शिवी एकच, गोल झाल्यावर मिठी एकच. जून २०२३ मध्ये त्याच शहरात जे घडले ते आपण विसरलेलो नाही, आणि फुटबॉलने ते थांबवले असा माझा दावाही नाही. मी एवढेच विचारतो की आज आपली पोरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून फुकट किंवा स्वस्तात बसतील अशा जागा महाराष्ट्रात उरल्या किती? मोहल्ल्यातला पोरगा मोहल्ल्यात, वाडीतला वाडीत. शाळासुद्धा वेगळ्या, मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही, मला हे रोज दिसते. अशा वेळी स्टेडियमच्या स्टँडचा दर वाढतो तेव्हा नुसता खेळ महाग होत नाही.

आपल्या लोकांनाही दोन शब्द. फुटबॉलची मोहब्बत म्हणजे वेळेची नासाडी, असे आपल्यातले काही बुजुर्ग म्हणतात. नमाज सोडून मॅच बघणाऱ्याला जरूर झापा. पण इतिहास माहीत असू द्या. मुंबईच्या कूपरेजवर गाजलेला रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला, आणि गोऱ्या पलटणींचा तो चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ १९३७ चा बेंगलोर मुस्लिम्स. १९४० मध्ये कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने जिंकला. पुढे १९५० पासून सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी, ज्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा यंग मुस्लिम क्लब आजही जिल्ह्याच्या लीगमध्ये खेळतात. हा वारसा आपला आहे, मुंबईचा आहे, महाराष्ट्राचा आहे. रोव्हर्स कप दोन दशकांहून अधिक काळ बंद पडून आहे आणि त्यासाठी ना आपण ओरडलो, ना बाकीच्यांनी ओरड केली.

ओरडल्याने काय होते, तेही बघा. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या मालकांनी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे करायचे ठरवले. सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून स्टेडियमबाहेर गेले. त्यांचा संघ २-० ने पुढे होता. सामना २-२ असा सुटला. चार-पाच दिवसांत मालकांनी निर्णय मागे घेतला. जर्मनीत तर नियमच असा की, मोजके अपवाद सोडले, तर क्लबमधली बहुमताची मते सभासदांकडे राहतात. म्हणून डॉर्टमुंडच्या एका स्टँडमध्ये पंचवीस हजार लोक स्वस्तात उभे राहून मॅच बघू शकतात. २०२४ च्या सुरुवातीला लीगमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणायचे घाटत होते, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात टेनिस बॉल फेकून सामने थांबवले आणि लीगने बेत सोडला. आपली पोरं ज्या क्लबांच्या जर्सी घालतात तिथली पब्लिक असे वागते. जर्सी आपण उचलली, ही अक्कल उचलली नाही.

पुण्यात उद्या पाचवा क्लब येईल. चांगलेच आहे. बालेवाडीत फटाके वाजतील, एखादा नट येईल, ‘पुणेकरांनो, आपला संघ’ असे फलक लागतील. त्या वेळी टाळ्या वाजवण्याआधी काही गोष्टी लेखी मागा. क्लब बंद करायचा असेल तर नाव, रंग आणि लीगमधली जागा आधी समर्थकांच्या नोंदणीकृत संस्थेला देऊ करायची, ही अट आहे का? पुण्याचे नाव लावायची परवानगी देताना महापालिका किंवा क्रीडा खाते दहा वर्षांची अनामत घेणार आहे का? गोलमागचा एक अख्खा स्टँड पन्नास रुपयांत, विद्यार्थी आणि कंत्राटी कामगारांसाठी, मोसमभर राखून ठेवणार का? सामन्याची तारीख ठरवताना गणपती, रमजान, दहावी-बारावीची परीक्षा यांचे कॅलेंडर कुणी समोर ठेवणार आहे का? आणि सामना संपल्यावर नगर रस्त्याला, सोलापूर रस्त्याला, नाशिक रस्त्याला एकेक जादा बस कोण सोडणार, पीएमपी की एसटी, आणि तिचे पैसे तिकिटात धरले आहेत की नाहीत?